हळहळावे कसे?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे आपण जुने चाहते असाल, तर खेळाडूंना मिळणारा पैसा, संघबदल आणि जुन्या साखळ्यांची फाटाफूट यांनी हा खेळ बिघडवला म्हणून सध्या आपल्याकडून निदान हळहळीची अपेक्षा आहे. ती शनिवारी सामन्यापूर्वी, पार्किंगच्या आवारात बर्गर भाजताना व्यक्त करून टाकावी, कारण एकदा चेंडू उडाला की आपण सगळे विसरून घसा फोडणार आणि तत्त्वे मांडायला उसंत मिळणार नाही.

प्रारंभ पैशापासून करावा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेच त्यांना थेट वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. यावर 'खेळाचे पावित्र्य संपले' असे म्हणून मान हलवावी. मात्र टेक्सास ए अँड एमचा विषय कटाक्षाने टाळावा. त्या विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना दूर केले आणि करारानुसार, यापुढे काम न करण्याबद्दल, त्यांना साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे पत्करले. त्या रकमेने पावित्र्याला ओरखडाही उमटला नव्हता. तो उमटतो गुडघा पणाला लावणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पैसे मिळाले की.

पुढे ट्रान्स्फर पोर्टलकडे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीकडे, वळावे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. आता अभ्यासाच्या अटी पाळल्या तर तो दरवर्षीही संघ बदलू शकतो. या आयाराम-गयारामांना खुशाल गद्दार म्हणावे. ओक्लाहोमाचे प्रशिक्षक लिंकन रायली २०२१ चा शेवटचा साखळी सामना आटोपताच दुसऱ्या दिवशी यूएससी या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाकडे गेले, त्याला अर्थातच 'कारकीर्द' म्हणतात. जर्सी घेताना पाठीवर नाव छापून घेऊ नये, एवढा एक व्यावहारिक सल्ला मी पदरच्या खर्चाने देतो.

भूगोलाबाबत मात्र मला उपरोध नीट साधत नाही. १९१५ पासूनचा वारसा सांगणारी पॅक-१२ परिषद (परिषद म्हणजे आपापसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) टीव्हीच्या पैशामागे २०२४ मध्ये फुटली, बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली, आणि रिकाम्या घराच्या किल्ल्या सांभाळत ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट मागे राहिली. बिग टेन नावाच्या दुसऱ्या परिषदेत आता अठरा विद्यापीठे आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा संघ तिथल्या साखळी सामन्यासाठी सुमारे चार हजार किलोमीटर उडून न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाकडे जातो, आणि पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत खेळते. हे सोसता येईल. पण ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा शतकाहून जुना वार्षिक सामना याच फेरबदलात २०२३ नंतर थांबला, त्याचे काय करावे? शेजाऱ्याला वर्षभर टोमणे मारण्याचा हक्क हीच या खेळाची खरी मिळकत होती, आणि ती कोणत्याही करारात लिहिलेली नसल्यामुळे कोणी तिची भरपाईही देत नाही.

शेवटी बारा संघांच्या प्लेऑफविषयी, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीविषयी. माझ्यासारखे आपण मिशिगनवाले असाल, तर ३० नोव्हेंबर २०२४ ही तारीख पाठ असेलच. त्या दिवशी आम्ही ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३-१० असे हरवले. पूर्वीच्या चार संघांच्या पद्धतीत दोन पराभवांनंतर त्यांचा हंगाम जवळपास तिथेच संपला असता. नव्या पद्धतीत ते आत शिरले आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेते झाले. म्हणजे लढत आम्ही जिंकली आणि गुलाल त्यांनी उधळला. हे गाऱ्हाणे मांडताना आवाज किंचित कापला तरी चालेल. फक्त, पुढेमागे मिशिगनच दोन सामने हरून त्या बारांत शिरले, तर मी असे काही लिहिले होते हे कोणाला सांगू नये.