पाचशे तासांच्या आक्षेपाला उत्तर

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे मनोविकारांचे निदान करून औषधे लिहून देणारी परिचारिका, होण्यासाठी मी अमेरिकेत घेतलेल्या डॉक्टरेटच्या शिक्षणावर मागच्या महिन्यात जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी अनेकदा वाचली. तीस वर्षे विदर्भात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या माणसाने इतक्या तपशिलाने आक्षेप नोंदवावेत, हे मी माझ्या लेखाचे भाग्य समजते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: ज्या शिक्षणात रुग्णांसमोर जेमतेम पाचशे तास काढावे लागतात, ते घेऊन कोणी लिथियम आणि क्लोझॅपिन यांसारखी मनोविकारांवरची जोखमीची औषधे लिहून देऊ नये, ‘डॉक्टरेट’ या शब्दाने रुग्णाची दिशाभूल होते, आणि माझा लेख वाचून नागपुरात बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली पुतणी अमेरिकेची स्वप्ने पाहू लागली आहे, तर तिला या वाटेवरचे खड्डे मी दाखवले नाहीत. यातल्या शेवटच्या आक्षेपाने मला सर्वांत अस्वस्थ केले.

तासांबद्दल आधी बोलते. आपण दिलेला आकडा चुकीचा नाही. अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी प्राध्यापकांच्या देखरेखीखालील किमान ५०० तासांचे क्लिनिकल प्रशिक्षण ही अट वर्षानुवर्षे राहिली आहे. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या राष्ट्रीय निकषांनी २०२२ मध्ये प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास ७५० केले, आणि डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, या पदवीसाठी बीएस्सीनंतरचे एकूण १,००० तास अपेक्षित असतात. मागच्या लेखात मी हा हजाराचा आकडा तेवढा सांगितला आणि पुढे गेले, ही माझी चूक झाली. त्या हजारांत पदवीच्या प्रकल्पावर खर्च झालेले तासही धरता येतात आणि ते सगळे तास रुग्णासमोर बसून गेलेले नसतात. अमेरिकेतला मनोविकारतज्ज्ञ चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणानंतर चार वर्षे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण, करतो. त्या दोन प्रशिक्षणांची तासांच्या हिशेबात बरोबरी होत नाही. ती होते असे मी कधी म्हटले नाही, पण होत नाही असे स्पष्टपणे लिहायला हवे होते, ते आज लिहिते.

मात्र आपण तास मोजता तेव्हा ते रिकाम्या पाटीवर मोजता, आणि इथे माझे आपल्याशी मतभेद आहेत. एक प्रसंग सांगते. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एका दवाखान्यात पंचविशीतला एक तरुण आला. तीन आठवड्यांपूर्वी त्याला ॲरिपिप्राझोल हे मनोविकारावरचे औषध सुरू झाले होते. आईची तक्रार होती की मुलाची बेचैनी वाढली आहे, गोळी वाढवून द्या. माझ्याबरोबर त्या वेळी आणखी एक विद्यार्थिनी होती. तिने टिपणात ‘चिंता वाढलेली, डोस वाढवण्याचा विचार’ असे लिहिले. मी त्याच्या पायांकडे पाहत होते. तो खुर्चीतून सारखा उठत होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होता, दाराकडे दोन पावले जाऊन परत येत होता. मनोरुग्णांच्या वॉर्डात सहा वर्षे रात्रपाळ्या केलेल्या कोणत्याही सिस्टरला हे पाय ओळखू येतात. ती अकॅथिझिया, म्हणजे स्वस्थ बसू न देणारी बेचैनी, होती, औषधानेच आणलेली, आणि डोस वाढवला असता तर ती आणखी बळावली असती. मी तसे माझ्या प्रिसेप्टरला, म्हणजे दवाखान्यात शेजारी बसवून शिकवणाऱ्या मार्गदर्शकाला, सांगितले आणि त्यावर उत्साहाने प्रोप्रॅनोलॉल हे औषधही सुचवले. प्रिसेप्टर मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “याला दमा आहे का, हे पाहिलेस?” फाइलच्या पहिल्याच पानावर इनहेलरची नोंद होती, आणि दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल धोक्याचे असते. त्यांनी ॲरिपिप्राझोलचा डोस कमी केला आणि आठवड्याने पुन्हा बोलावले.

या प्रसंगात माझे म्हणणे आहे आणि आपलेही आहे. पाय ओळखणारी नजर मला पदवीने दिलेली नव्हती. ती माझ्याकडे आधीपासून होती, आणि परिचारिकेच्या प्रशिक्षणाचे तास मोजताना ती वर्षे हिशेबात यायला हवीत. पण नजरेच्या पुढचे पाऊल, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणते औषध का द्यायचे नाही, हे मला शेजारी बसलेल्या जाणत्या व्यक्तीकडूनच शिकायचे होते, आणि असे प्रसंग पाचशे तासांत पुरेसे येत नाहीत. त्यातही ज्यांनी मनोरुग्णांच्या वॉर्डात एक दिवसही काम केलेले नाही, अशा परिचारिकांनाही काही अभ्यासक्रमांत थेट प्रवेश मिळतो. त्यांच्या बाबतीत आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मते मनोरुग्णसेवेचा किमान दोन वर्षांचा अनुभव ही प्रवेशाची अट असायला हवी.

प्रिसेप्टरचा उल्लेख आला म्हणून ज्या खड्ड्याबद्दल मी खरोखरच लिहायला हवे होते, त्याकडे वळते. वैद्यकीय रेसिडेन्सीत जागा, पगार आणि शिकवणारे तज्ज्ञ ही व्यवस्था संस्था करते. नर्स प्रॅक्टिशनरच्या अनेक अभ्यासक्रमांत, विशेषतः ऑनलाइन अभ्यासक्रमांत, विद्यार्थ्यालाच दवाखाने शोधत फिरावे लागते. मी ज्या संस्थेत शिकले तिने प्रवेशाच्या वेळी मदतीचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात माझ्या हाती एक जुनी यादी आली, तिच्यातले निम्मे दूरध्वनी बंद होते. बालमनोविकारांच्या तासांसाठी मी अडीच महिने रोज नोकरी सांभाळून पत्रे लिहीत होते. हे प्रमाणपत्र बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयोगटांसाठी असल्यामुळे ते तास टाळताही येत नाहीत. शेवटी शंभर मैलांवरच्या एका दवाखान्याने होकार दिला. ज्यांना असा होकार मिळत नाही, ते पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या मध्यस्थांकडे जातात, आणि तिथे शिकवणाऱ्याची पारख कोणी करत नाही. मला मिळालेल्या प्रिसेप्टर उत्तम होत्या. पण त्या नशिबाने मिळाल्या, आणि औषधे लिहून देणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण नशिबावर सोडणे योग्य नाही.

आता ‘डॉक्टरेट’ या शब्दाकडे येते. आपल्याला वाटते की ही पदवी डॉक्टर होण्याची मागची वाट आहे. तिचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकन परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याचा गाभा परिचारिका आणि रुग्ण यांच्यातला संवाद हा होता. औषध लिहून देण्याचा अधिकार या शाखेत पुष्कळ नंतर आला. म्हणूनच आजही प्रमाणपत्रासाठी किमान दोन मानसोपचार पद्धतींचे प्रत्यक्ष प्रशिक्षण बंधनकारक आहे. डॉक्टरेटचा आग्रह त्याहून अलीकडचा. नर्सिंग महाविद्यालयांच्या अमेरिकन संघटनेने २००४ मध्ये ठराव केला की २०१५ पर्यंत अशा प्रगत कामासाठी डीएनपी ही प्रवेशाची पदवी व्हावी. ती मुदत उलटून गेली, आणि मास्टर्स पदवीवर नर्स प्रॅक्टिशनर होण्याचा मार्ग आजही खुला आहे. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणात मात्र २०२२ पासूनच्या प्रवेशांना डॉक्टरेट सक्तीची झाली.

मग डॉक्टरेटने मला जास्तीचे काय दिले? निदानाचे कौशल्य फारसे नाही. प्रगत रोगशरीरक्रियाशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि शारीरिक तपासणी हे तीन पायाभूत विषय, मनोविकारांची औषधे आणि निदान, हे सगळे मास्टर्सच्या विद्यार्थ्यालाही शिकावे लागते. डॉक्टरेटमध्ये त्यावर संख्याशास्त्र, आरोग्यधोरण, संशोधनाची पारख आणि एक प्रकल्प यांची भर पडते. माझा प्रकल्प अँटिसायकॉटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरची, औषधे घेणाऱ्यांच्या वजनाविषयी आणि साखरेविषयी होता. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्येच सांगून ठेवले आहे की असे औषध सुरू केल्यावर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन घ्यावे आणि बाराव्या आठवड्याला उपाशीपोटी साखर तपासावी. आमच्या दवाखान्यात हे सर्वांना माहीत होते आणि तरीही होत नव्हते. मी महिनाभर पाहिले, तेव्हा कळले की वजनकाटा मागच्या एका खोलीत होता, रुग्णाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नव्हता. काटा नोंदणीच्या टेबलाशेजारी आणला, संगणकावरच्या टिपणात वजनाची जागा ठळक केली, आणि वजने नोंदली जाऊ लागली. आपल्याला हे क्षुल्लक वाटू शकेल. मला तसे वाटत नाही, कारण ज्या माणसाचे वजन सहा महिन्यांत पंधरा किलो वाढते तो गोळ्या सोडतो, आणि पुढच्या वेळी तो आपल्याला इस्पितळात भेटतो. तरीही आपल्या मुद्द्याला धरून सांगते: हे काम रुग्णाचे निदान करायला शिकवत नाही, आणि त्याचे तास निदानाच्या तासांत मिळवून कोणी आकडा फुगवू नये.

रुग्णासमोर मी स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही. “मी नर्स प्रॅक्टिशनर आहे” हे माझे पहिले वाक्य असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर रुग्णसेवेत ही उपाधी लावण्यावर कायद्यानेच बंधन आहे, आणि ते मला योग्य वाटते.

आपण विचारले आहे की मनोविकारतज्ज्ञ असताना हा खटाटोप कशासाठी. मी आयोवा राज्यात काम करते. माझ्या दवाखान्यात येणारे बरेच लोक शेतकरी आहेत आणि सर्वांत जवळचे मनोविकारतज्ज्ञ गाडीने दीड तासावर आहेत. या राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी क्लॅरिंडा आणि माउंट प्लेझंट ही दोन २०१५ मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. अशा ठिकाणी निवड बऱ्याचदा माझ्यात आणि आपल्यासारख्या तज्ज्ञात नसते. ती माझ्यात आणि कोणीच नसण्यात असते. आयोवात मला स्वतंत्रपणे काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे, तर टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो. अधिकार असूनही पहिली दोन वर्षे मी दर आठवड्याला एका मनोविकारतज्ज्ञांसमोर माझ्या फाइली ठेवल्या, आणि क्लोझॅपिनचा रुग्ण आजही त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुरू करत नाही. कायद्याने ही देखरेख प्रत्येक नव्या नर्स प्रॅक्टिशनरला सक्तीची करावी, असे माझे मत आहे, आणि माझ्या क्षेत्रातल्या अनेकांना ते आवडत नाही.

आता आपल्या पुतणीबद्दल. तिला सांगा की बीएस्सीनंतर लगेच डीएनपीकडे पाहू नये. आधी ठाणे, पुणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दोन वर्षे काम करावे, किंवा बंगळुरूच्या निमहान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेत मनोरुग्ण परिचर्येत एमएस्सी करता आली तर करावी. अमेरिकेत यायचे तर पदवीचे मूल्यांकन, परिचारिकांच्या परवान्यासाठीची एनसीएलईएक्स परीक्षा आणि राज्याचा परवाना या पायऱ्या आहेत, आणि डीएनपी त्यानंतरची गोष्ट आहे. भारतात परतण्याचा विचार असेल तर हेही तिला माहीत असावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या आहे, पण औषधे लिहून देणाऱ्या मनोरुग्ण नर्स प्रॅक्टिशनरची तरतूद नाही; भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ मध्ये आणलेला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला तिने लेखी विचारावे की प्रिसेप्टर कोण शोधणार, त्यातले किती जण मनोविकारतज्ज्ञ असतील आणि हजार तासांपैकी रुग्णासमोर किती जातील. उत्तर टाळणाऱ्या संस्थेत तिने जाऊ नये. तिची हरकत नसेल तर तिला माझा पत्ता द्यावा. प्रिसेप्टरसाठी मी लिहिलेली सगळी पत्रे, नकारांसकट, मी तिला वाचायला पाठवीन.

आपली नम्र