'गाडी आपली, मग ट्यूनिंगचं लायसन कशाला?' या फॉरवर्डला उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीनदा आला म्हणून लिहायला बसलो. त्यात म्हटलंय की इसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) ट्यूनिंगवाले लायसनच्या नावाने लुटतात, ट्यूनिंगची तीच फाइल नेटवर फुकट मिळते, क्लोन (नकली) केबल घ्या, क्रॅक सॉफ्टवेअर टाका आणि घरीच रीमॅप करा (म्हणजे इसीयूमधली इंजिनची सेटिंग बदला), पॉवर वाढेल, मायलेज वाढेल, पीयूसी पास होईल, सर्व्हिसच्या आधी स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल परत टाकली की कोणाला कळत नाही, आणि मुळात गाडी आपली तर सॉफ्टवेअरपण आपलंच. मी ट्यूनिंगच्या विरोधात नाहीये, माझी स्वतःची गाडी रीमॅप केलेली होती, म्हणूनच हे वाचून राग आला.

"गाडी आपली तर सॉफ्टवेअर आपलं." यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. इसीयूमधलं सॉफ्टवेअर एक, आणि ते बदलायला लॅपटॉपवर लागतं तो प्रोग्रॅम दुसरा. पहिल्याबाबत मालकाची बाजू खरंच दमदार आहे, अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइटचं काम बघणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने गाडीमालकांना दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची सूट दिली, आणि आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२पण कायदेशीररीत्या प्रोग्रॅम जवळ असलेल्याला बॅकअप कॉपी काढू देतं. पण क्रॅक केलेला ट्यूनिंग प्रोग्रॅम ही दुसऱ्याची मेहनत आहे. कलम ६३बी प्रमाणे माहीत असून पायरेटेड प्रोग्रॅम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच.

"लायसन म्हणजे एकाच फाइलचे पुन्हा पुन्हा पैसे." नाही हो. एचपी ट्यूनर्स या ट्यूनिंग प्रोग्रॅममध्ये क्रेडिट (विकत घेतलेले पॉइंट) वापरून तुमच्या गाडीचा इसीयू एकदा लायसन केला की त्याच गाडीवर हव्या तितक्या वेळा फाइल बदला. कॉब कंपनीचं अॅक्सेसपोर्ट हे ट्यूनिंगचं यंत्र एका गाडीशी 'मॅरी' होतं (त्याच गाडीला बांधलं जातं), गाडी विकली की अनमॅरी करून पुढे वापरता येतं. आणि "तीच फाइल" असेलच असं नाही, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या इसीयूत सॉफ्टवेअर व्हर्जन वेगळं असू शकतं, दुसऱ्याची फाइल टाकली तर कुठला मॅप (सेटिंगच्या आकड्यांचा तक्ता) कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

क्लोन केबलचं मी डोळ्यांनी बघितलंय. नाशिकला माझ्या मेहुण्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिझेल हॅचबॅकवर असाच प्रयोग केला, इग्निशन चालू, मधेच रेडिएटरचा फॅन सुरू झाला, बॅटरीचा व्होल्टेज घसरला आणि इसीयूत फाइल लिहिणं अर्ध्यावर थांबलं. त्यानंतर गाडीने स्टार्टच घेतला नाही, टो करून नेली, इसीयू काढून बेंचवर उघडायला लागला आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट गेले. चांगला ट्यूनर फ्लॅश करताना (फाइल इसीयूत भरताना) बॅटरीला स्टेबल पॉवर सप्लाय लावतोच आणि मूळ फाइल आधी वाचून जपून ठेवतो, आपण पैसे त्याचे देतो.

"कंपनीने पॉवर मुद्दाम दाबून ठेवलीय." थोडं खरं आहे, टर्बो इंजिनात मार्जिन असतं. पण स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय बघा, मॅन्युअलला ३२० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) आणि ७ स्पीड डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला फक्त २५०, कारण त्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादाच २५० आहे. फुकटची फाइल टॉर्क लिमिटर (टॉर्कवर घातलेली मर्यादा) उचलते, गिअरबॉक्सला कोण विचारतंय!

मायलेजचं म्हणाल तर डिझेलमध्ये मीटरवर दिसणारा आकडा इसीयू इंजेक्शनच्या हिशोबातून काढतो, तो मॅप बदलला की आकडापण चुकू शकतो. टाकी फुल करून किलोमीटर मोजा, मग बोला.

पीयूसीवर मात्र मी अडणार, कारण धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. पीयूसीत पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि डिझेलचा धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. बीएस६ या प्रदूषण नियमाने डिझेल कारसाठी याच नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणली. म्हणजे ईजीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) बंद करणारी, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) डिलीटवाली फाइल टाकून पीयूसी पास झाली तरी गाडी बीएस६ राहिली असं होत नाही. मोटार वाहन कायद्यात मनाई असलेला बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

"स्टॉक टाकलं की कळत नाही." बऱ्याच इसीयूत फ्लॅश काउंटर (किती वेळा फाइल बदलली ते मोजणारा) असतो. फोक्सवॅगन-ऑडीच्या सर्व्हिस यंत्रणेत बदललेला इसीयू सापडला की गाडीवर टीडी१ (इसीयूत बदल केलेली गाडी) असा शिक्का बसतो, मग इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीला भांडत बसा.

आणि फुकटच हवं असेल तर सरळ मार्ग आहेत. सुबारूच्या गाड्यांसाठी रोमरेडर हा ओपन सोर्स ट्यूनिंग प्रोग्रॅम आहे, प्रोजेक्ट कारवाल्यांसाठी स्पीडुइनो हा ओपन सोर्स इसीयू आहे, बाकी गाड्यांना साधा ओबीडी डाँगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून बूस्ट (टर्बोचा दाब), इनटेक टेंपरेचर लॉग करायला कुणाचंच लायसन लागत नाही. आधी ते महिनाभर करा, मग तोच लॉग घेऊन ट्यूनरकडे जा आणि तुमच्या स्टॉक फाइलची कॉपी त्याच्याकडून पेनड्राइव्हवर मागून घ्या.