जागलीवरच्या माणसाला विचारा

परवा रात्री हरभऱ्याला ओलीत करत होतो. आमच्याकडे शेतीची लाइन बहुतेक रात्रीच येते, त्यामुळे आकाश बघायची सोय आपोआप होते! शेजारच्या वावरात काकाजी रानडुकरांसाठी जागलीला होते. एकाएकी हिरवट उजेडाची रेघ सर्रकन गेली आणि दोन सेकंदांत विझली. "तुटला बाप्पा तारा," काकाजी म्हणाले आणि बिडी पेटवायला लागले.

सकाळी मोबाइल उघडला तर तीन ग्रुपांवर एकच मेसेज, 'पृथ्वीवर महासंकट'. कुठलासा लघुग्रह लाखो किलोमीटरवरून जाणार होता म्हणे. जो येणार नाही त्याची एवढी बोंब, आणि जे येतात त्यांचं कोणाला काही नाही.

येतात किती? नासाने १९९४ ते २०१३ या वीस वर्षांत लहान लघुग्रहांचे ५५६ अग्निगोल, म्हणजे हवेत पेटलेले मोठे गोळे, नोंदवले, म्हणजे महिन्याला दोनेक. त्यांचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या वरच. पुढची हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते, आणि बहुतेक दगड वरच फुटतात. आदळण्याआधी दुर्बिणीला सापडलेले मात्र २०२४ संपेपर्यंत फक्त अकरा.

आम्हा नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्यांना हे नवं नाही. २२ मे २०१२, भर दुपार, आमच्याकडे आकाशातून दगड पडले. धडाड आवाज झाला तेव्हा मी ओट्यावर पडलो होतो. गिट्टीखदानीत सुरुंग उडाला समजून कूस बदलली. इतका मोठा योग मी झोपेत घालवला, याची खंत अजून आहे. ते दगड जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, गोळा केले. पुढे त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं, जे एरवी जमिनीखाली शेकडो किलोमीटर खोल असतं.

मग २०२२ चा गुढीपाडवा. संध्याकाळी विदर्भभर लोकांनी जळते तुकडे एका ओळीत सावकाश जाताना पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचं असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. मी तेव्हा शहरातल्या मित्राला फोन केला, तर तो म्हणे, "पाडव्याची जास्त झाली का?" खरं तर फरक साधा आहे. दगड दोन-चार सेकंदांत संपतो. रॉकेटचा कचरा त्याच्यापेक्षा हळू आणि तिरपा येतो, मिनिटभरही दिसत राहतो. काकाजींना हे कोणी शिकवलं नाही, पण पाडव्याच्या रात्री ते लगेच म्हणाले होते, "हा तारा नोहे."

अशा डोळ्यांची किंमत सुदानमध्ये कळली. २००८ साली तिथे पडलेला चारेक मीटरचा लघुग्रह १९ तास आधी सापडला होता, तरी वाळवंटात तुकडे शोधायला पाहणाऱ्यांच्या जबान्या लागल्या, आणि खार्टूम विद्यापीठाची पोरं पायी फिरली.

एक मात्र घरी सांगून ठेवा. मोठा लखलखाट दिसला तर खिडकीशी धावू नका. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ लघुग्रह हवेत फुटला, तेव्हा लोक उजेड बघायला काचेशी गेले, आणि स्फोटाचा हवेतला धक्का दोनेक मिनिटांनी आला. दीडेक हजार जखमी झाले, बरेच काचांनी.

तर परवाचं. मी काकाजींना विचारलं, नेमकं कुठून कुठं गेलं? "लाइन येऊन घंटाभर झाला होता. महादेवाच्या कळसावरून निघाला, पाटलाच्या चिंचेपाशी इझला. आवाज नाही आला." मी ते वहीत लिहून ठेवलंय. त्या रात्री तुमच्यापैकी कोणी ओलिताला होतं का? कोणत्या गावातून, कोणत्या झाडावर दिसलं, तेवढं खाली लिहा.