‘एकाच टेस्टचे दोनदा पैसे’ या तक्रारीवर लॅबकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. घरच्या प्रेग्नन्सी किटवर फिकट का होईना दोन रेघा आल्या. आमच्याकडे रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, १८.४ निघालं, पण रिपोर्टवर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते न लिहिता आम्ही ‘४८ तासांनी पुन्हा तपासावे’ असं छापलं. दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये ४१ आलं आणि ‘पॉझिटिव्ह’ लिहून मिळालं. म्हणून आमचं मशीन चुकीचं आणि दोनदा पैसे उकळायचा हा धंदा, असं तुमचं म्हणणं. तुम्ही इथे जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते. तुमची फाइल चारचौघांत उघडणार नाही.

साधारणपणे ५ च्या खाली निगेटिव्ह आणि २५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. मधला पट्टा अधांतरी. १८.४ नेमकं त्यात बसतं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागला की हे हार्मोन रक्तात उतरतं, आणि सुरुवातीला बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. पण रुजून लगेच निसटलेला गर्भ, गर्भाशयाच्या नळीत अडकलेला गर्भ, किंवा वंध्यत्वाच्या उपचारात दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनचा उरलेला अंश, यांतल्या कशानेही हाच आकडा येऊ शकतो. (काउंटरवर ‘इंजेक्शन घेतलंय का’ असं विचारतात ते उगाच चौकशी म्हणून नव्हे.) इतक्या लवकर सोनोग्राफीचाही उपयोग नाही. गर्भाची पिशवी दिसायला आकडा साधारण दीड ते साडेतीन हजारांत जावा लागतो. तोवर हातात एकच उपाय: दोन दिवस थांबून पुन्हा रक्त बघणं.

म्हणजे ज्याला तुम्ही आमची चूक म्हणता, तेच आम्ही रिपोर्टवर लिहून दिलं होतं. दोन दिवसांनी बघा म्हटलं, तुम्ही बघितलंत, फक्त दुसरीकडे. १८ आणि ४१ मध्ये भांडण नाही. मधल्या दोन दिवसांत तुमचं रक्त बदललं. त्या लॅबनेही बरोबरच लिहिलंय. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीचं किट थोडं वेगळं मोजतं, त्यामुळे दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून ‘दुपटीने वाढलं’ असं छातीठोक म्हणता येत नाही. पुढची टेस्ट आमच्याकडे नको असेल तर त्याच लॅबमध्ये करा, पण आता लॅब बदलू नका.

मशीनबद्दल. नळीतलं रक्त आधी गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम मशीनला जातं. तिथे हार्मोनला चिकटणाऱ्या अँटीबॉडीमुळे प्रकाश पडतो, आणि तो किती पडला यावरून आकडा निघतो. रोज सकाळी आधी ज्यांचे आकडे माहीत आहेत ते कंट्रोल नमुने चालवतो. ते मर्यादेत आले तरच पेशंटची नळी आत. पुन्हा टेस्ट म्हणजे पुन्हा तेवढंच रीएजंट (टेस्टला लागणारं रसायन), म्हणून पैसेही पुन्हा लागतात. ते फुकट करून देते असं मी म्हणणार नाही.

नणंदबाईंनी फोन केला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने आकडा सांगितला नाही, ही तुमची दुसरी तक्रार. ती मुलगी नियमाने वागली. गरोदरपणाचा रिपोर्ट जिची नळी तिलाच, किंवा तिने लिहून दिलेल्या माणसाला. सासर असो की माहेर. कॉलेज रोडवरच्या पार्किंगबद्दल तुम्ही लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही.

दोन्ही रिपोर्ट घेऊन तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही मशीनवर त्यांनी आकडा खोटा कमी येतो. आणि पोटात एका बाजूला दुखलं, खांदा दुखायला लागला, चक्कर आली किंवा रक्तस्राव झाला, तर ४८ तासांचा हिशेब बाजूला ठेवून, रात्र असली तरी, थेट हॉस्पिटलमध्ये जा.

– पॅथॉलॉजिस्ट व संचालिका