द्राक्षाच्या पेटीला जमतं ते चिवड्याच्या पुडीला का जमू नये?

आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर या आठवड्यात चांगलंच वाजलं. कुणीतरी गंगापूर रोडच्या एका मिसळवाल्याचं मेनूकार्ड टाकलं, त्यात मिसळ चुलीवरची, वडा चुलीवरचा, ताक गावरान, आणि पनीर तर म्हणे ऑथेंटिक. अर्धे म्हणाले चव बघा ना, शब्दांचं काय घेऊन बसलात. उरलेले म्हणाले युरोपात असलं चालतच नाही, आणि मी जर्मनीत राहते म्हणून मला टॅग केलं.

तर चालतं, इथेही चालतं. सुपरमार्केटमधल्या सूपच्या डब्यावर "आजीच्या रेसिपीप्रमाणे" असतं, ज्या शब्दांचा कायद्याने धरून ठेवावा असा काही अर्थ नाही. दुसऱ्या पाकिटावर "चव वाढवणारे पदार्थ नाहीत" असं ठळक, आणि मागे घटकांत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे काम तेच. मला याचाही तेवढाच राग येतो.

खरा फरक दिसतो तो पाकीट उलटं केल्यावर. युरोपियन युनियनच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे मागची माहिती त्या देशातल्या गिऱ्हाइकाला सहज कळेल अशा भाषेत लागते, लहान अक्षराचीसुद्धा उंची किमान १.२ मिलिमीटर (अगदी छोट्या पाकिटांना थोडी सूट), आणि ॲलर्जी होऊ शकते असे १४ घटक यादीत उठून दिसले पाहिजेत. हॉटेललाही त्या १४ ची माहिती द्यावीच लागते. म्हणून इथल्या इंडियन दुकानात आपल्याकडच्या फरसाणावर जर्मन स्टिकर चिकटवलेलं असतं, आणि कुणीही जर्मन बाई ते वाचून ठरवते घ्यायचं की नाही.

आणि माझी आई? तिला शुगर आहे, ती पंचवटीतल्या दुकानात मल्टीग्रेन म्हणून जे पाकीट उचलते त्यावर पुढे मोठ्या मराठीत "घरगुती चव, आरोग्याची काळजी" आणि मागे सगळं बारीक इंग्रजीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यात पहिलाच मैदा, पण तिला ते कळणार कसं. आपल्या नियमात लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की झालं, मराठी ऐच्छिक. विकताना मराठी चालते आणि सांगताना चालत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

कायदाच नाही असंही नाही बरं का. नॅचरल, फ्रेश, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक हे शब्द कधी वापरायचे यावर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढा, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. मग जूनमध्ये एफएसएसएआयने कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून केलेल्या ज्यूसवरचं "१००% फ्रूट ज्यूस" काढायला सांगितलं. चांगलं चाललं होतं. आणि मग ऑगस्टमध्ये दुधावरचे ए२ चे (म्हणजे त्यात एका विशिष्ट प्रकारचं प्रथिन आहे असे) दावे काढा असा आदेश निघाला आणि आठवड्याच्या आत मागेही घेतला. कोलेस्टेरॉल फ्री तेल तर अजून बिनधास्त विकलं जातंय, वनस्पती तेलात मुळात कोलेस्टेरॉल असतं तरी किती!

"आपल्याकडे नाही जमणार" हे मात्र नाशिककराने म्हणू नये. निफाड-दिंडोरीची द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडावर युरोपातल्या दुकानांत येतात, पेटीवर देश, जात आणि दर्जा, विशेषण एकही नाही. २००६ पासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत निर्यातीच्या बागांची नोंद होते, त्यामुळे माल कुठल्या प्लॉटचा इथपर्यंत माग लागतो. हे आपल्याच शेतकऱ्यांनी करून दाखवलंय, पावसाचा, भावाचा सगळा ताण सांभाळून. मग चिवड्याच्या पुडीवर तेल कुठलं आणि साखर किती एवढं मराठीत छापायला काय हरकत आहे?

मिसळवाल्याने चूल असेल तर चुलीवरची खुशाल लिहावं. पण पनीर दुधाचं आहे की वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं दुसरंच काही, तर्रीत शेंगदाण्याचा कूट आहे का, हेही त्याच कार्डावर लिहावं. ग्रुपमधले जे तिथे राहतात त्यांनी पुढच्या रविवारी काउंटरवर हे विचारा आणि काय उत्तर मिळतं ते मला कळवा.