तुटलेल्या अबटमेंट स्क्रूचा अहवाल: प्रयोगशाळेचं उत्तर

नमस्कार डॉक्टर,

जबड्यातल्या इम्प्लांटवर (कृत्रिम मुळावर) अबटमेंट, म्हणजे क्राउन (दाताची टोपी) धरणारा जोडभाग, आवळून ठेवणारा जो तुटलेला स्क्रू तुम्ही तपासायला पाठवला, त्याच्या अहवालाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. अहवालात नुसतं 'फटीग' (वारंवार पडणाऱ्या भाराने हळूहळू तडा वाढून तुटणं) लिहिलं, दोष स्क्रूच्या कंपनीचा आहे की नाही ते सांगितलं नाही, आणि तुकडा कापून परत पाठवला. शेवटची तक्रार रास्त आहे. कापण्याआधी फोन करायला हवा होता, तो राहिला. माफ करा.

कापावं मात्र लागतंच. तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तडा कसा वाढला ते दाखवतो, धातू आतून कसा होता ते नाही. त्यासाठी तुकडा रेझिनमध्ये बसवून उभा छेद घ्यायचा, पॉलिश करून क्रोल द्रावण (धातूचे कण उठून दिसावेत म्हणून लावायचं आम्ल) लावायचं, कणरचना बघायची आणि विकर्स कठिणता मोजायची. सुमारे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिळालं, म्हणजे ग्रेड ५ प्रकारचा टायटॅनियम मिश्रधातू, इतकंच रासायनिक तपासणीतून कळतं. छेदात पोकळी किंवा परका कण सापडला नाही.

'फटीग' ही पळवाट नाही. स्क्रू एका फटक्यात तुटला असता तर पृष्ठभागभर खळगे दिसले असते. इथे बहुतेक भागावर बारीक समांतर रेघा आहेत, खळगे फक्त एका कडेच्या अरुंद पट्टीत. तडा चावण्यागणिक सरकत गेला आणि उरलेला थोडा धातू शेवटी तुटला. पट्टी अरुंद, म्हणजे भार फार मोठा नव्हता पण तो बराच काळ पडत राहिला. त्यामुळे 'रुग्णाने काहीतरी कडक चावलं' हे कारण बसत नाही. तडा नेमका कुठे सुरू झाला ते मात्र सांगता आलं नाही, कारण दोन्ही तुकडे एकाच पाकिटात एकमेकांवर घासत आले आणि नेमकी आट्याच्या मुळाची कड पुसली गेली.

खरी महत्त्वाची गोष्ट चौथ्या पानावरच्या फोटोखाली एका ओळीत उरकली होती, ती पहिल्या पानावर हवी होती. अबटमेंटच्या हेक्सचे (इम्प्लांटमध्ये बसणाऱ्या षटकोनी भागाचे) कोपरे झिजून चकचकीत झालेत. जोड तुटण्याआधीच हलत होता. घट्ट स्क्रू ताणलेला राहून दोन्ही भाग दाबून धरतो. तो ताण गेला की प्रत्येक चावण्याचा वाक थेट स्क्रूवर येतो.

सैल का झाला, हे मोडलेला तुकडा सांगत नाही. टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळण्याचा जोर, कमी पडला असेल. बहुतेक सिस्टिममध्ये तो ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर असतो, पण रेंच कॅलिब्रेट केलेला नसेल तर आकड्याला अर्थ नाही. दहा मिनिटांनी पुन्हा आवळला नसेल, तर आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे दबून ताण उतरतो. क्राउन बनवणाऱ्या लॅबमध्ये वापरलेलाच स्क्रू तोंडात गेला असेल, क्राउन नीट बसला नसेल, किंवा हेक्सच मापात नसेल. शेवटचं कारण कंपनीकडे जातं, पण ते तपासायला इम्प्लांटची आतली मापं लागतात आणि इम्प्लांट अजून जबड्यात आहे. म्हणून कंपनीचं नाव घेतलं नाही.

त्याच लॉट नंबरचा न वापरलेला स्क्रू असेल तर पाठवा. आट्यांच्या मुळाची गोलाई आणि कठिणता दोन्हींची तुलना करू, वेगळी फी न घेता. यापुढे तुकडे लगेच पाण्याने धुवा, ब्रश लावू नका, तुटलेल्या बाजू पुन्हा जुळवून बघू नका, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या नळीत ठेवा. सोबत शेवटच्या टॉर्कची तारीख आणि तेव्हाचा एक्स-रे द्या.