सातभाईच्या पिल्लाला ड्रॉपरने पाणी पाजू नका

‘सात भाऊ निःस्वार्थपणे पिल्लं वाढवतात, पण माणसाचा हात लागला की थवा पिल्लू टाकून देतो. म्हणून खाली पडलेलं पिल्लू घरी आणा, दुधात भिजवलेला पाव भरवा, ड्रॉपरने पाणी पाजा.’ सातभाई या थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांबद्दलचा हा मेसेज आता आमच्या आत्याकडे पोचलाय आणि ती ड्रॉपर शोधतेय. म्हणून आधी तेच.

पिल्लाने चोच वासली की जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडमीट करताना दिसते. ती श्वासनलिका. वरून सोडलेलं पाणी तिच्यात शिरतं आणि पिल्लू गुदमरतं, नाहीतर पुढे न्यूमोनियाने मरतं. त्याला वेगळं पाणी लागतच नाही. अळीच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही, हगवण लागते. पावाने पोट फुगतं, पण पिसं आणि हाडं वाढायला लागणारं प्रथिन मिळत नाही.

थवा कसा भरवतो ते नीट बघा. एक जण अळी घेऊन येतो, सगळ्या चोची वर होतात, तो घास एकीत खोल सारतो. गिळला गेला नाही तर काढून दुसऱ्या पिल्लाला देतो. मग क्षणभर थांबतो. पिल्लू पाठ वळवून विष्ठेची पांढरी पिशवी बाहेर टाकतं, ती उचलून तो नेतो. तोवर पुढचा घास घेऊन दुसरा हजर. दिवसभर हेच. पिल्लू घरी आणलं की ही सगळी फौज तुटली.

हात लागला म्हणून टाकतात? सातभाईच्या घरट्यात पावशा आणि चातक अंडी घालतात आणि ते परकं पिल्लूही थवा भरवून मोठं करतो. घरट्यात चोच वासली आणि ओरडलं की घास मिळतो. हाताच्या वासाचा इथे संबंध नाही. घरटं बांधताना किंवा अंडी उबवताना सारखी ढवळाढवळ केली तर पक्षी ते सोडतात, एवढं मात्र खरं.

सात हा आकडा ठरलेला नाही आणि सगळे नरही नसतात. ‘निःस्वार्थ’ म्हणाल, तर सामूहिक संगोपन करणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांना ते लागू नाही. ऑस्ट्रेलियातल्या पांढऱ्या पंखांच्या चफ पक्ष्यांवर 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरवायला मदत करणारे पक्षी पिल्लाच्या चोचीत घास ठेवून, इतर बघत नसले की तो परत काढून स्वतः खाताना आढळले. त्यांना जादा अन्न दिल्यावर ही फसवणूक कमी झाली.

मग करायचं काय? पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जवळच्या दाट झुडपावर ठेवा आणि मांजर लांब ठेवा. पिसं न फुटलेलं, उघडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली, आत सुकं गवत, त्याच फांदीवर घट्ट बांधा आणि लांबून तासभर बघा. मांजराचा दात लागला असेल तर जखम दिसो वा न दिसो, लगेच पशुवैद्याकडे न्या.